विंडोज, मॅक, लिनक्स की अँड्रॉइड : व्हायरस कुणाला लवकर लागतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट्स थांबवली. २०१५ साली आलेली ही सिस्टीम अजूनही कितीतरी घरांत, शाळांच्या संगणक कक्षांत, पतसंस्थांच्या काउंटरवर आणि सीएंच्या ऑफिसात चालते आहे. यातले बरेच कॉम्प्युटर ठणठणीत आहेत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि तो नसला की पुढे जाता येत नाही. मग दुरुस्तीच्या दुकानात गेलं की सल्ले सुरू होतात. "काका, लिनक्स टाकून देतो, त्याला व्हायरसच लागत नाही." किंवा, "बजेट असेल तर मॅक घ्या, कटकटच मिटली." घरातलं कुणीतरी म्हणतं, "काही होत नाही हो, अँटीव्हायरस आहे ना? वापरा आहे तसंच."

या तिन्ही सल्ल्यांत थोडंथोडं तथ्य आहे. गडबड एवढीच की सुरक्षितपणा हा सिस्टीमच्या नावात असतो असं तिन्ही गृहीत धरतात. मला वाटतं, नाव क्षणभर बाजूला ठेवून वेगळे प्रश्न विचारायला हवेत. या यंत्रावर नवा प्रोग्रॅम येतो कुठून? आला की त्याला कुठवर फिरू दिलं जातं? आणि सिस्टीममध्ये भगदाड सापडलं तर ते बुजवायला कुणी येतं का? एवढी उत्तरं मिळाली की कुठल्याही सिस्टीमचा धोका बराचसा समजतो, मग ती कॉम्प्युटरवरची असो वा फोनमधली.

ऑपरेटिंग सिस्टीम नेमकं करते काय?

मोठी गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक फ्लॅटमध्ये एकेक प्रोग्रॅम राहतो: ब्राउझर, टॅली, फोटो बघायचा प्रोग्रॅम, एखादा गेम. पाणी, वीज, लिफ्ट, गेट या सगळ्यांच्या सामाईक गोष्टी. कुणाला कधी काय मिळेल आणि कोण कुठे जाऊ शकेल, हे सोसायटीचं व्यवस्थापन ठरवतं. ते व्यवस्थापन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. सोसायटी नीट चालली असेल तर पाहुणा नोंद करून आत येतो, ज्याच्याकडे आलाय त्याच्याच फ्लॅटमध्ये जातो, आणि मीटररूमची किल्ली त्याच्या हाती कधीच पडत नाही.

आता उपद्रवी प्रोग्रॅमांकडे. बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो. तांत्रिक भाषेत या सगळ्या जमातीला मालवेअर म्हणतात आणि तिच्यात पोटजाती आहेत. दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो तो व्हायरस. कुणी क्लिक न करताही नेटवर्कवरून आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात जातो तो वर्म. चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन तुमच्याच हातून आत येतो तो ट्रोजन. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतं ते रॅन्समवेअर. पहिला, म्हणजे खराखुरा व्हायरस, आज फारसा दिसत नाही. आजचा मुख्य उपद्रव ट्रोजन आणि रॅन्समवेअरचा आहे, आणि पुढचं सगळं समजायला हा फरक उपयोगी पडेल. या लेखातही मी सोयीसाठी व्हायरस हाच शब्द वापरेन.

विंडोजचं नाव एवढं का खराब झालं?

कारण जुन्या विंडोजमध्ये वर सांगितलेली सोसायटी नव्हतीच, एक मोकळं अंगण होतं. डॉस आणि त्यावर उभ्या राहिलेल्या विंडोज ९५, ९८ या सिस्टीम एका माणसाने एका टेबलावर वापरायच्या यंत्रासाठी केलेल्या होत्या. आलेला प्रत्येक प्रोग्रॅम सगळीकडे हात घालू शकायचा. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये वापरकर्त्यांचे वेगवेगळे अधिकार आले खरे, पण घरगुती कॉम्प्युटरवर पहिलं खातं आपोआप सर्वाधिकारी, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर बनायचं. आपण सगळे वर्षानुवर्षं त्याच खात्यातून मेल वाचत होतो, गाणी उतरवत होतो आणि हिशेब ठेवत होतो. मेलमधून आलेल्या उपद्रवी फाइलला त्यामुळे आपोआप आपलेच सगळे अधिकार मिळायचे.

त्यात छोट्या छोट्या सोयींची भर होती. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा वर्म सुटला. मेलसोबत एक फाइल यायची. तिचं नाव 'डॉट टीएक्सटी'वर संपल्यासारखं दिसायचं, म्हणजे साधा मजकूर वाटायचा. प्रत्यक्षात त्यापुढे 'डॉट व्हीबीएस' असं आणखी एक शेपूट होतं आणि ती फाइल म्हणजे चालणारा प्रोग्रॅम होता. विंडोज हे शेवटचं शेपूट वापरकर्त्यापासून मुद्दाम लपवत असे, पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. क्लिक केलं की तो वर्म तुमच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला धाडायचा. लपवण्याची ही सवय आजच्या विंडोजमध्येही मूळ सेटिंग म्हणून कायम आहे, आणि मला ती मनापासून खटकते. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग करून घ्या, एका मिनिटाचं काम आहे.

आपल्याकडे पसरवण्याचं मुख्य काम पेनड्राइव्हने केलं. कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान, प्रिंटिंग प्रेस असा त्याचा प्रवास चालायचा. पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम ऑटोरन या सोयीने सुरू व्हायचा किंवा सुरू करा म्हणून समोर यायचा. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर वर्मने या रस्त्याचा पुरेपूर वापर केला. जुन्या विंडोजवर पेनड्राइव्हसाठीचं ऑटोरन बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने सरसकट पाठवलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी यंत्रांवर विंडोज चोरीची होती. पकडले जाऊ या भीतीने दुकानदार अपडेट बंदच करून द्यायचे, त्यामुळे उपाय निघाला तरी तो त्या यंत्रापर्यंत पोहोचत नसे.

पण चित्र बदललं आहे, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला नव्या सोयींच्या वर स्थान दिलं. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटने एक्सपीतली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत येणाऱ्यांना अडवणारी भिंत, आपोआप चालू ठेवली. व्हिस्टापासून पडदा काळवंडवून 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' असं विचारणारी खिडकी आली. विंडोज ८ पासून डिफेंडर हे अँटीव्हायरस सिस्टीमसोबतच मिळू लागलं. आजची अद्ययावत विंडोज आणि २००३ ची एक्सपी यांची तुलनाच होऊ शकत नाही. विंडोज म्हणजे चाळणी असं आजही म्हणणारा माणूस वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर बोलतो आहे.

"विंडोज जास्त लोक वापरतात, म्हणून व्हायरस जास्त. एवढंच ना?"

हे म्हणणं नेहमी ऐकू येतं, आणि त्यात बरंच तथ्य आहे. टेबलावरच्या आणि मांडीवरच्या कॉम्प्युटरपैकी जगात सुमारे ७० टक्के विंडोजवर चालतात. व्हायरस लिहिणं हा आज धंदा आहे, आणि जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे माल जास्त. शिवाय पतसंस्था, इस्पितळं, कारखाने यांचे हिशेब विंडोजवर आहेत. खंडणी तिथूनच मिळते.

पण संख्येने सगळं सुटत नाही. १९८२ साली रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने केलेला एल्क क्लोनर हा फ्लॉपीवरून लोकांत पसरलेल्या पहिल्या व्हायरसांपैकी एक, आणि तो ॲपल टू या यंत्रावरचा होता. १९८६ मध्ये लाहोरमधल्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ब्रेन हा आयबीएम पीसीवरचा पहिला. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेट जवळपास ठप्प करणारा मॉरिस वर्म युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रांत शिरला होता. मॅक आणि लिनक्स दोन्ही ज्या घराण्यातले म्हणून सुरक्षित मानले जातात, तेच हे युनिक्स. कुलीन घराण्यातला म्हणून कुणी वाचत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

आणि उलट बाजूने पाहा. जगातल्या वेबसाइटचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर आहेत. पाचशे सर्वांत ताकदवान महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. तरी मेल उघडली आणि सर्व्हर गेला असं तिथे सहसा घडत नाही, कारण सर्व्हरवर बसून कुणी मेलमधल्या फाइली उघडत नाही. तिथले हल्ले वेगळ्या वाटेने येतात: सोपा पासवर्ड, जुनं सॉफ्टवेअर, चुकीचं सेटिंग. म्हणजे यंत्राचा वापर कसा होतो यावरही त्याची दुखणी ठरतात.

दोन महिन्यांचा उशीर, आणि न्हावा-शेवाला थांबलेले ट्रक

सिस्टीमच्या नावापेक्षा अपडेटचं महत्त्व मोठं का, हे २०१७ च्या दोन घटनांतून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही.

विंडोजमध्ये फाइली आणि प्रिंटर नेटवर्कवर वाटून घेण्याची जी जुनी सोय होती, तिच्यात एक भगदाड होतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ते माहीत होतं आणि तिने त्यातून आत शिरायचं हत्यार बनवून ठेवलं होतं. त्याचं नाव इटर्नलब्लू. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी भगदाड बुजवणारं अपडेट, म्हणजे पॅच, दिला. एप्रिलमध्ये ते हत्यार चोरांनी इंटरनेटवर उघड केलं. आणि १२ मे रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच वाटेने सुटलं. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रं कुलूपबंद झाली. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांतल्या हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात सापडले. बाधित यंत्रांत सर्वाधिक भरणा विंडोज ७ चा होता. म्हणजे पॅच उपलब्ध होता, फुकट होता, दोन महिने हाताशी होता, फक्त लावलेला नव्हता.

दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आला आणि त्याने आणखी कटू धडा दिला. युक्रेनमध्ये करभरणीसाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात, साधारण आपल्याकडच्या टॅलीसारखं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच शिरकाव केला आणि अधिकृत अपडेटच्या पोटातून आपला माल पाठवला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसातल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर होतं, तेवढं पुरलं. नॉटपेट्या इटर्नलब्लू वापरायचाच, शिवाय यंत्राच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलून त्यांच्या जोरावर शेजारच्या यंत्रात जायचा. त्यामुळे पॅच लावलेली यंत्रंही पडली. व्यवस्थापकाच्या किल्ल्यांचा जुडगाच हाती लागला, तर फ्लॅटचं कुलूप किती भक्कम आहे याला अर्थ उरत नाही.

त्या दिवशी उरणजवळ न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठल्या गाडीत चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर माल हलणार कसा? बंदराबाहेर ट्रकांचा खोळंबा झाला. कीव्हमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला उपद्रव काही तासांत रायगड जिल्ह्यातल्या ट्रकचालकापर्यंत पोहोचला होता. मर्स्कने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे जगभरचे मुख्य सर्व्हर पुसले गेले होते. घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याच एका प्रतीवरून सगळं परत बांधता आलं. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

"मॅकला व्हायरस लागत नाही म्हणतात, ते?"

२०१२ पर्यंत ॲपलच्या संकेतस्थळावरच पीसीचे व्हायरस मॅकला लागत नाहीत अशी जाहिरात होती. त्या वर्षी फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने सहा लाखांहून जास्त मॅक गाठले. वाट होती जावा या सॉफ्टवेअरमधल्या भगदाडाची. ओरॅकल कंपनीने इतर सिस्टीमसाठी त्याचा पॅच फेब्रुवारीत दिला होता. मॅकसाठीचा पॅच ॲपल स्वतः तयार करून द्यायची, आणि तो एप्रिलमध्ये आला. मधल्या काळात मॅकवाले उघडे पडले. त्यानंतर जाहिरातीतलं ते वाक्य गेलं.

रचनेच्या बाबतीत मात्र मॅक खरंच चांगला आहे. गेटकीपर ही सोय ॲपलकडे नोंद नसलेल्या विकासकाचा प्रोग्रॅम सहजी उघडू देत नाही. २०१५ पासून सिस्टीमच्या मुख्य फाइलींना सर्वाधिकारी खात्यालाही हात लावता येत नाही. यंत्रणा एवढी घट्ट झाल्यावर चोरांनी मग माणसाला गाठलं.

हे जवळून बघण्यासारखं आहे. २०२३ पासून ॲटॉमिक स्टीलर नावाचा मॅकवरचा चोर टेलिग्रामवर महिन्याला हजार डॉलर भाड्याने मिळू लागला. आज असे चोर पसरवण्याची लाडकी पद्धत अशी: तुम्ही एखादं सॉफ्टवेअर शोधत एका साइटवर जाता. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी नेहमीची चौकट दिसते. टिक केलं की सूचना येते: टर्मिनल (सिस्टीमला थेट आज्ञा द्यायची खिडकी) उघडा, हे पेस्ट करा, एंटर दाबा. टिक करताच एक आज्ञा तुमच्या नकळत कॉपी झालेली असते. पेस्ट केलं की पासवर्ड विचारणारी हुबेहूब ॲपलसारखी खिडकी येते. तो दिला की ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टोची पाकिटं पलीकडे जातात. इथे कुठलंही भगदाड वापरलेलं नाही, सगळं तुमच्या हातून, तुमच्या अधिकारात झालं. विंडोजवरही हीच युक्ती चालते, फक्त तिथे विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगतात. कुठलीही खरी साइट माणूस ओळखायला आज्ञा पेस्ट करायला लावत नाही. अशी सूचना दिसली की ती खिडकी बंद करायची.

"बरं, मग लिनक्सच टाकतो."

टाका. ब्राउझर, मेल, लिहिणं, सिनेमे बघणं एवढंच काम असेल तर जुन्या यंत्राला लिनक्स चांगलं नवं आयुष्य देतं. व्हायरसच्या बाबतीतही फायदा खरा आहे. सॉफ्टवेअर शोधत गूगलवर भटकावं लागत नाही, बहुतेक सगळं सिस्टीमच्याच अधिकृत भांडारातून मिळतं. रोजचं काम साध्या खात्यातून चालतं आणि सर्वाधिकार लागला की पासवर्ड विचारला जातो. घरगुती वापरकर्ते थोडे असल्यामुळे चोरांचं लक्षही कमी.

'लागतच नाही' हे मात्र खोटं. २०१६ मध्ये मिराई या वर्मने लिनक्सवर चालणारे लाखो सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी काही भन्नाट शोधून काढावं लागलं नव्हतं. कारखान्यातून येताना असलेले साठेक नाव-पासवर्डचे जोड, म्हणजे 'ॲडमिन-ॲडमिन' या थाटाचे, ते ओळीने वापरून बघायचं. या फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास उघडत नव्हत्या. तुमच्या घरातलं वायफायचं डबडंही बहुधा लिनक्सवरच चालतं. त्याचा पासवर्ड बसवणाऱ्या माणसाने ठेवला तोच असेल, तर लॅपटॉपची काळजी करण्याआधी तो बदला.

भारताच्या दृष्टीने जवळचं उदाहरण म्हणजे बॉस लिनक्स. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ही सिस्टीम सरकारी कामासाठी केली. सरकारी कार्यालयांत ती वापरली जाते हे कळल्यावर पाकिस्तानशी संबंध जोडला जाणाऱ्या एपीटी ३६ या हेरगिरी करणाऱ्या टोळीने तिच्यासाठी खास सापळे तयार केले. मेलमधून पीडीएफसारखी दिसणारी फाइल यायची. ती असायची लिनक्समधली शॉर्टकटची फाइल. उघडली की पडद्यावर खरंच एखादं पत्र दिसायचं आणि मागे हेरगिरीचा प्रोग्रॅम बसायचा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या 'आय लव्ह यू'ची हीच युक्ती होती. लिनक्सवर चोरांचं लक्ष नसतं हे घरच्या वापरापुरतं खरं, पण तुमच्याकडे त्यांना हवं असलेलं काही असलं की ते लक्ष देतात.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने मागोवा घेतला आणि एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. कुणीतरी खोट्या नावाने दोनेक वर्षं इमानदारीने काम करून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला होता आणि मग तो दरवाजा बसवला होता. तो लिनक्सच्या बहुतेक वितरणांच्या, म्हणजे लोक वापरतात त्या तयार संचांच्या, स्थिर आवृत्तीत पोहोचायच्या आत पकडला गेला. सगळ्यांना वाचता येणारा कोड असला म्हणजे कुणीतरी तो वाचतंच असं नाही, आणि वाचलं तर काय वाचू शकतं, दोन्ही या एका घटनेत दिसतं.

आपल्याकडची खरी लढाई फोनवर आहे

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे आणि रचना टेबलावरच्या कुठल्याही जुन्या सिस्टीमपेक्षा कडक आहे. प्रत्येक ॲप स्वतंत्र फ्लॅटमध्ये कोंडलेलं असतं. शेजारच्या ॲपची माहिती बघायची सोय नाही, आणि कॅमेरा, संपर्क, एसएमएस यातलं काहीही हवं असेल तर परवानगी मागावी लागते. अशा सिस्टीमवर जुन्या पद्धतीचा व्हायरस पसरूच शकत नाही.

तरीही महाराष्ट्रात आज अँड्रॉइडवरून बँक खाती रिकामी होताहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून, 'आरटीओ चलान' नावाची फाइल येते. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी पीएम किसानची यादी. नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचं ॲप. पत्रिका किंवा चलान हे चित्र किंवा पीडीएफ असू शकतं, ॲप असायचं काहीच कारण नाही. उघडलं की फोन अडवतो: अज्ञात ठिकाणाहून ॲप बसवायला परवानगी नाही. माणूस चलानच्या धास्तीने सेटिंगमध्ये जाऊन ती देतो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही मिळते. काही ॲप पुढे जाऊन ॲक्सेसिबिलिटी मागतात. दृष्टिहीन किंवा अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून केलेली ही सोय आहे. ती हाती लागली की ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबता येतात. आता ओटीपी आला तरी तो आधी चोराला दिसतो. आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाइल पुढच्या ग्रुपवर जाते, म्हणून तर ती ओळखीच्या नंबरवरून आलेली असते.

पहारेकऱ्याने दोन-तीनदा हटकलं आणि दर वेळी घरमालकानेच 'सोड रे आत' म्हटलं, असा हा प्रकार. त्यात फसलेल्या माणसाला वेडा ठरवणं मला अजिबात मान्य नाही. चलानची भीती खरी असते, पाठवणारा ओळखीचा असतो आणि फोनवरची धोक्याची सूचना बहुतेकदा इंग्रजीत, तांत्रिक शब्दांत असते. असं झालंच तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

स्वस्त अँड्रॉइडचं दुसरं दुखणं अपडेटचं. सॅमसंग आणि गूगल आपल्या महाग फोनना आता सात वर्षं अपडेट देतात. दहा हजारांच्या फोनच्या नशिबी बहुधा त्यातला थोडाच भाग येतो. 'सेटिंग्ज'मध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल तर त्या फोनवरून बँकेचे मोठे व्यवहार करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आयफोनवर ॲप येण्याची वाट ॲपलने आपल्याकडे जवळपास एकच ठेवली आहे, त्यामुळे चलानच्या फाइलीचा हा खेळ तिथे चालत नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने आयफोनही फोडला होता, तोही काही क्लिक न करता, नुसत्या मेसेजवरून. पण ते हत्यार प्रचंड महाग असतं आणि पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडक माणसांवर रोखलेलं असतं. तुम्ही त्यांपैकी असाल तर २०२२ पासून आयफोनमध्ये असलेला लॉकडाउन मोड चालू करा.

अँटीव्हायरस घ्यायचा की नाही?

अँटीव्हायरस ओळखीच्या गुन्हेगारांचे फोटो जवळ बाळगतो आणि संशयास्पद हालचाल दिसली की अडवतो. पुण्यात काटकर बंधूंनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून १९९० च्या दशकात क्विक हील उभं केलं, तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं असं संरक्षण काहीच नव्हतं आणि वेगळं घेणं अटळ होतं. आज अद्ययावत विंडोजवर डिफेंडर चालू असेल तर घरच्या वापराला ते पुरतं. ऑफिसात दहा-वीस यंत्रं असतील, एका जागेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असेल, तर विकतचं घ्यायला अर्थ आहे. चोरीचा अँटीव्हायरस किंवा फुकटची 'की' मात्र कधीही घेऊ नका, ट्रोजन पसरवायचा तो हमरस्ता आहे.

आणि अँटीव्हायरस पॅचची जागा घेऊ शकत नाही. भिंतीला भगदाड असताना दारावरचा पहारा वाढवून काय होणार?

मग घरातल्या विंडोज १० चं काय करायचं?

आधी सेटिंग्जमधलं विंडोज अपडेट उघडून बघा. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट्स देऊ केली आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल तर सरळ तिकडे जा. टीपीएमची अट टाळून विंडोज ११ बसवून देणारे बरेच जण भेटतील. अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच बेभरवशाचं.

यंत्र पात्र नसेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल तर लिनक्स. पण त्याआधी यादी करा: टॅली, जीएसटीसाठी लागणारी डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली आणि तिचं सॉफ्टवेअर, मुलांच्या शाळेने सांगितलेला एखादा खास प्रोग्रॅम. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि बाकीच्यांत कुठे अडतं ते हार्डडिस्क पुसल्यावर कळून उपयोग नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आठवडाभर वापरून बघता येतं, तेवढं जरूर करा.

उरतो छापखान्यांचा प्रश्न, आणि तो मराठीपुरता मोठा आहे. श्रीलिपी आणि पेजमेकरवर वर्षानुवर्षांचं काम साठलेली यंत्रं अजून चालू आहेत. त्यातले जुने फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, नाहीत, त्यामुळे फाइली दुसरीकडे नेल्या की मजकूर विस्कटतो. अशा यंत्राची इंटरनेटची वायर काढून ठेवा, वायफाय बंद करा. ग्राहकाचा पेनड्राइव्ह आधी अद्ययावत अँटीव्हायरस असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तपासा आणि हवी तेवढीच फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन आत न्या. सगळ्या कामाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून कपाटात टाका, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर यंत्रासोबतच कुलूपबंद करतं.